वकील कोणाच्या घरातून येतात?

कायदा विधिमंडळात होतो; परंतु तो लागू होतो कचेरीत, पोलीस चौकीत आणि न्यायालयात. तेथे तो कोणाच्या बाजूने लागू होईल, हे पुष्कळदा आपल्या बाजूने वकील उभा आहे की नाही यावर ठरते. कामगार संघटनेत, कुळांच्या लढ्यात किंवा झोपडपट्टीच्या प्रश्नावर काम केलेल्या कार्यकर्त्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. किमान वेतनाचा कायदा पुस्तकात असतो. परंतु त्यासाठी अर्ज लिहिणारा, तारखेमागून तारखेला हजर राहणारा आणि मालकाच्या नामांकित वकिलासमोर न डगमगणारा माणूस लागतो. म्हणून समाजात वकील किती आहेत यापेक्षा ते कोणाच्या घरातून येतात आणि वकील होण्यासाठी त्यांना कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेचे उदाहरण फार बोलके आहे. त्या देशात तेरा लाखांच्या आसपास वकील आहेत. तरीही गरिबांना दिवाणी कायद्याची मदत पुरविण्यासाठी १९७४ साली कायद्याने स्थापन झालेल्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या २०२२ च्या अहवालात असे नमूद आहे की, अल्प उत्पन्न गटातील लोकांना त्यांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्के अडचणींत कायद्याची मदत मुळीच मिळत नाही किंवा अपुरी मिळते. फौजदारी खटल्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन खटल्यात मान्य केला. परंतु घरातून बाहेर काढले जाणारे भाडेकरू, वेतन बुडालेला मजूर, कर्जाच्या फेऱ्यात सापडलेले कुटुंब यांना तसा सर्वसाधारण हक्क नाही. बाजारात माल मुबलक असूनही गरजूंपर्यंत तो पोहोचत नसेल, तर दोष मालाच्या पुरवठ्यात नसून त्याच्या उत्पादनखर्चात आणि वाटपात असतो. वकिलांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

वकील होण्याची किंमत

अमेरिकेत वकील होण्याचा रूढ मार्ग सात वर्षांचा आहे. प्रथम चार वर्षांची कोणत्याही विषयातील पदवी, नंतर ‘लॉ स्कूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेवटी राज्याची सनदेची परीक्षा. लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी पदवीचे गुण आणि ‘एलसॅट’ ही प्रवेशपरीक्षा यांना सर्वाधिक वजन असते. १९४८ पासून घेतली जाणारी ही परीक्षा कायद्याचे ज्ञान तपासत नाही. ती वाचनाची आणि तर्काची शक्ती तपासते. आता खर्च पाहा. नामांकित खासगी लॉ स्कूलचे केवळ शिक्षणशुल्कच वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या पुढे गेले आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, आणि सात वर्षे पूर्ण वेळ मजुरी न केल्याने बुडालेली कमाई आणखी वेगळी. हा शेवटचा आकडा कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेला नसतो. परंतु मजुराच्या घरात तोच सर्वांत मोठा असतो.

ही रक्कम बहुतेकांना कर्जातून उभी करावी लागते. कर्ज केवळ खिशावर पडत नाही, ते पुढच्या आयुष्याची दिशाही ठरवते. लाख-दीड लाख डॉलरचे ओझे घेऊन बाहेर पडलेला तरुण भाडेकरूंचे खटले चालवणाऱ्या संस्थेतील तुटपुंज्या पगारापेक्षा बड्या कंपन्यांची कामे पाहणाऱ्या पेढीकडे वळला, तर त्याला दोष देऊन भागणार नाही. दहा वर्षे सार्वजनिक सेवेत राहून हप्ते फेडणाऱ्यांचे उरलेले कर्ज माफ करणारी योजना २००७ साली आली, ती याच जाणिवेतून. उलट २०२५ च्या जुलै महिन्यात संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी कायद्यासारख्या व्यावसायिक शिक्षणाच्या सरकारी कर्जावर वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा घातली. यामुळे महाविद्यालये शुल्क उतरवतील, असे या कायद्याचे समर्थक म्हणतात. तसे झाले नाही, तर मधली तफावत ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो भरील, आणि ज्याच्याकडे नाही तो खासगी सावकाराच्या दारी जाईल किंवा नादच सोडून देईल.

खालच्या पायरीचा इतिहास

अशा परिस्थितीत गरीब घरातील मुलामुलींसाठी एकच पायरी त्यातल्या त्यात हाताशी राहते. ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज. ही दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये असतात. प्रवेशासाठी गुणांची अट नसते. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकता येते. घर सोडावे लागत नाही. येथे ६० श्रेयांक पूर्ण केले की ‘ॲसोसिएट’ पदवी मिळते आणि चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदवीची पहिली दोन वर्षे अल्प खर्चात, पुढची दोन विद्यापीठात आणि त्यानंतर लॉ स्कूलची तीन, असा हा हिशेब आहे.

या संस्थांचा उगम इलिनॉय राज्यात १९०१ साली स्थापन झालेल्या जोलिएट ज्युनियर कॉलेजात सांगितला जातो. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले आणि उच्च शिक्षण हा मूठभरांचा अधिकार नसून लोकशाहीची गरज आहे, ही भूमिका मांडली. या विचाराला सर्वांत नेटके रूप मिळाले ते कॅलिफोर्नियात. तेथील १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याने राज्यातील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालये आणि बाकी सर्वांसाठी दोन वर्षांची महाविद्यालये अशी विभागणी केली. ही उतरंडच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्याची वाट आराखड्यातच आखलेली होती, आणि राज्यातील रहिवाशांना शिक्षणशुल्क नव्हते.

हा काळ समजून घेण्यासाठी त्याआधी वकिलीची दारे कशी बंद होत गेली तेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व किनाऱ्यावरील शहरांत स्थलांतरित कामगारांची मुले रात्रशाळांतून कायदा शिकत होती. बोस्टनमधील सफोक ही १९०६ साली अशीच रात्रशाळा म्हणून सुरू झाली. वकिलांच्या अखिल अमेरिकन संघटनेला, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनला, हे रुचले नाही. १९२१ साली तिने लॉ स्कूलपूर्वी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आवश्यक ठरवले. ‘दर्जा’ हा शब्द त्या ठरावामागे होता, आणि दर्जाची काळजी सर्वस्वी खोटी होती असेही नाही. परंतु याच संघटनेत १९१२ साली काही कृष्णवर्णीय वकील सभासद झाल्याचे लक्षात येताच गदारोळ झाला आणि पुढे अर्जदाराने आपला वंश नमूद करावा असा दंडक आला. तो वर्णभेद संघटनेने १९४३ साली ठराव करून सोडला. दर्जाच्या नावाखाली कोणाला गाळले जात होते, हे यावरून ध्यानात येते. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाला १९३१ साली मान्यता मिळवण्यासाठी आपले रात्रीचे वर्ग बंद करून पूर्ण वेळ अभ्यासक्रम चालवावा लागला. त्यातूनच वर्णद्वेषी कायद्यांशी झुंजणाऱ्या वकिलांची एक तेजस्वी पिढी घडली, हे खरे. परंतु नोकरी सांभाळून रात्री शिकणाऱ्या सामान्य माणसाचा वर्ग मिटला, हेही तितकेच खरे. हेमन स्वेट या टेक्सासमधील कृष्णवर्णीय पोस्टमनला तर राज्य विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये पाऊल ठेवण्यासाठी १९४६ ते १९५० अशी चार वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले.

आखूड दांड्याची कुदळ

ही पायरी सर्वांसाठी खुली असली की काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रूझ रेनोसो. १९३१ साली कॅलिफोर्नियात एका मेक्सिकन वंशाच्या शेतमजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांच्या त्या कुटुंबात मुलेही शेतावर राबत. रेनोसो यांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले ते फुलर्टनच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात. तेथून ते पोमोना कॉलेजात गेले आणि लष्करातील नोकरीनंतर १९५८ साली बर्कलीच्या लॉ स्कूलमधून वकील होऊन बाहेर पडले. दशकभराने ते ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे संचालक झाले. शेतमजुरांना विनामूल्य वकील पुरवणे हे तिचे काम होते.

या संस्थेने चालवलेला एक खटला आपल्याकडील शेतमजूर स्त्रीला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. कॅलिफोर्नियातील बीट आणि लेट्यूसच्या शेतांत मजुरांना जेमतेम फूटभर दांड्याची कुदळ दिली जाई. ती वापरताना दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे. कोण ताठ उभे राहिले ते मुकादमाला दुरून दिसे. ऐन उमेदीतच मजुरांच्या पाठी कायमच्या निकामी होत. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाने या अवजारावर बंदी घालण्यास नकार दिला, कारण त्याच्या मते ‘असुरक्षित अवजार’ म्हणजे मोडके अवजार. आणि कुदळ तर धडधाकट होती. संस्थेच्या वकिलांनी हा अर्थ न्यायालयात खोडून काढला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी त्या कुदळीवर बंदी आली. लक्षावधी पाठींचा प्रश्न एका शब्दाच्या अर्थावर अडला होता. तो अर्थ लावणारे वकील मजुरांच्या बाजूला उभे होते, एवढाच काय तो फरक.

मालकवर्गाला या फरकाचे मोल बरोबर कळले होते. १९७० च्या डिसेंबरात गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी संस्थेच्या निधीवर नकाराधिकार वापरला. इतर राज्यांतील तीन न्यायाधीशांच्या आयोगाने १९७१ साली संस्थेवरील आरोप निराधार ठरवले आणि निधी चालू राहिला. त्या वेळी रेनोसोच संचालक होते. पुढे १९८२ साली ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे लॅटिनो वंशाचे पहिले न्यायमूर्ती झाले, आणि १९८६ साली देहदंडाच्या प्रश्नावर उठलेल्या प्रचारात मतदारांनी त्यांना पदावरून दूर केले. शेतमजूर आईच्या पोटी जन्मलेल्या आणि सॅक्रॅमेंटो सिटी कॉलेज या तशाच महाविद्यालयातून वर आलेल्या तानी कँटिल-साकाउये या २०११ ते २०२३ च्या आरंभापर्यंत त्या राज्याच्या सरन्यायाधीश होत्या. ही नावे केवळ गौरवासाठी घ्यावयाची नाहीत. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली पायरी काय करू शकते, याचा तो पुरावा आहे.

फट कोठे आहे?

परंतु दोन-चार नावांवर व्यवस्थेची परीक्षा होत नसते. १९७८ साली कॅलिफोर्नियात मालमत्ता कराला चाप लावणारा तेरावा प्रस्ताव मतदानाने संमत झाला. दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा मोठा आधार हाच कर होता. १९८४ साली या महाविद्यालयांत प्रथमच राज्यव्यापी शुल्क आले. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने तर शहराच्या दिवाळखोरीच्या सावटाखाली १९७६ सालीच शतकाहून जुनी निःशुल्क शिक्षणाची परंपरा मोडली होती. आणि तीदेखील कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने आत येऊ लागल्यानंतर सहाच वर्षांनी. आज कॅलिफोर्नियात प्रत्येक श्रेयांकास ४६ डॉलर, म्हणजे ६० श्रेयांकांस २,७६० डॉलर पडतात. गरिबांना यातून माफी आहे आणि अमेरिकेच्या मानाने हे शुल्क अल्पच आहे. तेव्हा खरी अडचण शुल्काच्या पलीकडे आहे.

ती या आकड्यांत दिसते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पुढे पदवी घ्यावयाची असते. प्रत्यक्षात चार वर्षांच्या विद्यापीठापर्यंत सुमारे एक-तृतीयांशच पोहोचतात, आणि त्यांतील निम्म्यांच्या आसपासच पदवीधर होतात. सहा वर्षांच्या अखेरीस शंभरांतील सुमारे सोळा जणांच्या हाती पदवी असते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी सांगते. लॉ स्कूलचा विचार त्यानंतरचा. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० सालीच या महाविद्यालयांच्या एका अघोषित कार्यावर बोट ठेवले होते. विद्यार्थ्याला दारातून परत न पाठवता आत घ्यावयाचे आणि मग समुपदेशनाच्या गोड भाषेत त्याची आकांक्षा हळूहळू थंड करावयाची, हे ते कार्य. नकार व्यवस्थेने दिला असे त्याला वाटत नाही. आपणच कमी पडलो असे वाटते. अन्यायाची ही सर्वांत सफाईदार पद्धत होय.

ही गळती होते कशी? पहिले कारण श्रेयांकांच्या बदलीचे आहे. एका संस्थेत घेतलेला अभ्यास दुसरी संस्था मानीलच असे नाही. मग तोच विषय पुन्हा, तोच खर्च पुन्हा. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून ठराविक ॲसोसिएट पदवीधारकाला राज्य विद्यापीठात हमखास प्रवेश दिला, हा त्यावरचा इलाज होता. दुसरे कारण वेळेचे. आठवड्यात तीस-चाळीस तास काम करणारा विद्यार्थी एका सत्रात एक-दोनच विषय घेऊ शकतो. दोन वर्षांची चार-पाच वर्षे होतात आणि मधल्या काळात आजारपण, बाळंतपण किंवा गेलेली नोकरी यांपैकी काही ना काही आडवे येते.

तिसरे कारण माहितीचे आहे, आणि लॉ स्कूलच्या बाबतीत ते सर्वांत घातक ठरते. वकिलाच्या घरातील मुलाला जे जेवणाच्या टेबलावर समजते, ते ड्रायव्हरच्या मुलीला कोणी सांगत नाही. वकिलीपूर्वी अमुकच विषयाची पदवी हवी अशी अट नाही. बार असोसिएशनही तशी शिफारस करीत नाही. वकिलांचे सहायक घडवणारा ‘पॅरालीगल’ अभ्यासक्रम नोकरीसाठी उपयुक्त असला, तरी लॉ स्कूलच्या प्रवेशात तो जादा मानला जाईल असे नाही. खरी तयारी होते ती निबंधलेखन, तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि वक्तृत्व या साध्या वाटणाऱ्या विषयांत, म्हणजे लांब मजकूर बारकाईने वाचण्याच्या आणि नेमके लिहिण्याच्या सवयीत. हे विषय कम्युनिटी कॉलेजात उपलब्ध असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्याला नावाने ओळखावे एवढे वर्गही तेथे पुष्कळदा लहान असतात, आणि शिफारसपत्राच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे. दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. लॉ स्कूलकडे जाणाऱ्या गुणांची बेरीज करणारी मध्यवर्ती संस्था पहिल्या पदवीपर्यंतचे सर्व महाविद्यालयीन गुण धरते. कम्युनिटी कॉलेजात अठराव्या वर्षी नोकरीच्या धबडग्यात नापास झालेला विषय पुन्हा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, आणि मूळ महाविद्यालयाने जुना शेरा हिशेबातून काढला, तरी गुणपत्रिकेवर तो दिसत असेल तर ही संस्था पुष्कळदा दोन्ही मोजते. ज्याला हे प्रथमच सांगितले जाते तो सांभाळून विषय घेतो. ज्याला चार वर्षांनी कळते त्याच्या हाती पश्चात्ताप उरतो.

योजना आणि तिची मर्यादा

२०१४ साली कॅलिफोर्नियात वकिलांच्या राज्य संस्थेच्या पुढाकाराने २४ कम्युनिटी कॉलेजे आणि सहा लॉ स्कूल व त्यांची विद्यापीठे यांच्यात एक करार झाला. दोन वर्षे, दोन वर्षे आणि तीन वर्षे अशा तीन टप्प्यांची सलग वाट आखावी, विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून मार्गदर्शक मिळावा, एलसॅटच्या तयारीला साहाय्य व्हावे आणि प्रवेश अर्जाचे शुल्क माफ व्हावे, असे तिचे स्वरूप. योजना स्तुत्य आहे. अठरा वर्षांच्या मुलीला ‘तू वकील होऊ शकतेस’ असे संस्थेच्या अधिकाराने सांगणे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र योजना वाट दाखवते, वाटखर्च देत नाही. शेवटच्या तीन वर्षांचे शुल्क जेथल्या तेथे आहे. लॉ स्कूलच्या प्रवेशाची हमीही नाही. दोन वर्षांचे कम्युनिटी कॉलेज देशभर निःशुल्क करण्याचा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१५ साली मांडला आणि बायडन यांनी २०२१ साली पुन्हा उचलला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काँग्रेसमधील वाटाघाटींत तो गळाला.

यावर एक युक्तिवाद असा केला जातो की, कॅलिफोर्नियात लॉ स्कूलसाठी पूर्ण पदवीची गरजच नाही. केवळ दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणावर राज्याने मान्य केलेल्या काही संस्थांत, किंवा एखाद्या वकिलाच्या हाताखाली चार वर्षे अभ्यास करून, सनदेच्या परीक्षेस बसता येते. हे खरे आहे, आणि जिद्दीने या वाटेवरून गेलेले वकीलही आहेत. परंतु या वाटेने जाणाऱ्यांच्या यशाचे प्रमाण कमी असते आणि अशी सनद पुष्कळ राज्यांत चालत नाही. गरिबांसाठी स्वस्त आणि कच्ची वाट, श्रीमंतांसाठी महाग आणि पक्की वाट, ही समता नव्हे. समता म्हणजे एकाच पक्क्या वाटेचा खर्च समाजाने उचलणे.

दुसरा आक्षेप डाव्या बाजूनेच घेतला जातो. मजुराचा मुलगा वकील झाला म्हणजे मजूरवर्गाचे काय झाले? तो वर चढतो आणि शिडी विसरतो, असा अनुभव नाही काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. वर्गाचे हित व्यक्तीच्या उन्नतीने आपोआप साधत नाही, हे समाजवादी चळवळीने कधीच विसरू नये. तथापि शिडी विसरण्यास भाग पाडणारी जी शक्ती आहे, ती मुख्यतः कर्जाची आहे. जेथे शिक्षण लोकांच्या पैशातून झाले, तेथे लोकांची बाजू घेणे निदान परवडते. न्यूयॉर्कच्या त्याच सार्वजनिक विद्यापीठाने १९८३ साली मानवी गरजांच्या सेवेसाठी कायदा हे ब्रीद घेऊन स्वतःचे लॉ स्कूल काढले, ते हेच ओळखून.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

हे सारे परक्या देशाचे म्हणून सोडून देता येणार नाही. नोकरी करणाऱ्याला शिकता यावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः शिष्यवृत्तीच्या बळावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथील सकाळचे वर्ग नोकरदार विद्यार्थ्यांची सोय पाहून ठेवलेले होते. याच संस्थेचे विधी महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. कम्युनिटी कॉलेज हे नाव न घेता त्यामागचे तत्त्व मुंबईत आचरले जात होते.

आजचे चित्र मात्र उलट दिशेचे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी बारावी किंवा तत्सम मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला कायद्याच्या अभ्यासक्रमास अपात्र ठरवले. शाळा अर्धवट सुटलेल्या आणि पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून पदवीधर झालेल्या गिरणी कामगाराच्या मुलीला अन्य अनेक दारे उघडी आहेत, कायद्याचे नाही. त्याच नियमांनी वर्गांची वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सात अशी बांधली. संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्याला त्यात जागा कोठे आहे? दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात आहे आणि त्यांची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतूनच घेतली जात आली आहे. अमेरिकेत खालचे दार उघडे आहे आणि वरचा जिना मोडका आहे. आपण खालचे दारच लावून घेत आहोत. दर्जाचे कारण १९२१ साली अमेरिकेत दिले गेले होते, तेच येथेही दिले जाते. दर्जा राखावयाचा असेल तर तो शिकवण्यात, ग्रंथालयात आणि परीक्षेत राखावा. उमेदवाराने तारुण्यात शाळेत जाणे परवडले होते की नाही, हे दर्जाचे माप होऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांनी यातून तीन मागण्या पुढे नेल्या पाहिजेत. मुक्त विद्यापीठातून श्रमाने पदवी मिळवलेल्यांवरील कायद्याच्या अभ्यासक्रमाची बंदी उठवावी. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका अनुदानित विधी महाविद्यालयात, दर्जाच्या पूर्ण अटी पाळून, नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग पुन्हा सुरू करावेत. आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील गरीब विद्यार्थ्याचे शुल्क कर्जातून नव्हे, तर राज्याच्या तिजोरीतून भरावे. मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. ज्या गावात युनियनची कचेरी आहे, त्या गावात दर आठवड्याला दोन संध्याकाळी तर्क, वाचन आणि लेखन यांचा वर्ग चालवता येईल. प्रवेशाचे नियम, तारखा आणि शिष्यवृत्त्या समजावून सांगता येतील. वकिलाच्या घरात मुलाला जे आपसूक मिळते, ते चळवळीने आपल्या मुलांना द्यावयाचे आहे. उद्या किमान वेतनाच्या खटल्यात कामगाराच्या बाजूने उभा राहणारा वकील आज कोठेतरी बिगारी करीत असेल. त्याला शोधण्याचे काम न्यायालयाचे नाही, आपले आहे.